तेविसावं नाव

२ डिसेंबर, मंगळवार. तुंगार्ली
महिला फुटबॉल संघाचं शिबिर संपून चार दिवस झाले. घरी आहे म्हणजे बूट तेवढे घरात आहेत. सकाळी तलावाला दोन फेऱ्या, दुपारी वलवण धरणापर्यंत जाऊन परत. डावा गुडघा कुरकुरला. त्याला म्हटलं, गप्प बस.

कोच म्हणून मला सोमवारी दुपारी बाराच्या आत संघाची तेवीस नावं ऑफिसला पाठवायची आहेत. बावीस पक्की. तेविसावी जागा स्ट्रायकरची. हिरा, नाहीतर ईशान्येकडची ती नवी मुलगी. हिरा माझ्याच गावची, तिकोणा पेठेच्या वरच्या ठाकरवाडीतली. वय एकतीस. अकरा वर्षं देशासाठी खेळतेय. ही शेवटची मोठी स्पर्धा, हे तिलाही माहीत आहे.

फिजिओचा कागद म्हणतो, उजवा गुडघा ठीक. शिबिरात ती एकदाही लंगडली नाही. तरी मला काहीतरी खटकतंय.

मी स्वतः स्ट्रायकर होते तेव्हा बरं होतं. बॉल आला की मारायचा. हुकला तर पुढचा.

३ डिसें., बुध.
सकाळी सातला दत्ताचा फोन. धाकटा भाऊ, पण गावाचा कारभार त्यानंच खांद्यावर घेतल्यासारखा वागतो. "आक्का, पवनानगरच्या चौकात येऊन बघ."

दुधिवरे खिंडीतून गाडी हाणत गेले. वीस फुटी फ्लेक्स. 'भारतीय संघात निवड झाल्याबद्दल कु. हिरा हिचे हार्दिक अभिनंदन.' शेजारी मी, तिच्या दुप्पट आकाराची, टाळ्या वाजवताना. खाली शुभेच्छुकांची रांग. दत्ता गॉगल लावून.

म्हटलं, यादी झालेली नाही रे.
"तूच करनार न्हवं? मंग झालीच की."
उतरव म्हटलं.
"आता कसा उतरवू? लोकं त्वांडात शेण घालतील. आन् तुज्या हातात असून तू आपल्या पोरीला टाकशील व्हय?"

खरं लिहायचं तर मी आधी माझाच फोटो बघितला. बरा आलाय. लाज वाटली.

४ डिसें., गुरु.
शिबिरातून वगळलेल्या दोघींना फोन केले. दोघी रडल्या. ते जमलं.

मी एकतीसची होते तेव्हा कोचनं यादी बसमध्ये वाचली होती. वाचून संपली तरी मला वाटलं, पान उलटायचं राहिलं असेल. माझ्या तीन सीट पुढं बसलेला तो माणूस मागं वळलासुद्धा नाही. तेव्हाच ठरवलं, आपण कधी कोच झालो तर समोर बसून सांगायचं. फोनवर नाही, यादीतून तर नाहीच. त्या दोघी लांबच्या राज्यांतल्या, तिथं फोनला इलाज नव्हता. ठाकरवाडी तासाभरावर आहे. मी तलावाला फेऱ्या मारतेय. आज पाच झाल्या.

गोलसमोर उभी असताना मी आयुष्यात कधी पास दिला नाही. आता काय झालंय मला?

५ डिसें., शुक्र.
हिराची आई, ठकूमावशी, पहिल्या एसटीनं निघून दोन गाड्या बदलून आली. फडक्यात बांधलेला नवा इंद्रायणी तांदूळ.

"बोर्डावर तुजं नि हिचं त्वांड शेजारी बघितलं. तितं लागत्यात ती समदी पेठंतली. आमच्या वाडीतलं मानूस चौकात कदी लागलं न्हवतं."

यादी अजून झालेली नाही, हे सांगायला तोंड उघडलं आणि विचारलं, मावशी, चहात साखर किती घालू? तांदूळ ठेवून घेतला. भित्री आहे मी, दुसरं काही नाही.

संध्याकाळी त्यातलाच भात लावला. वास घरभर. दोनदा वाढून घेतला.

६ डिसें., शनि. तिकोणा पेठ
गेले एकदाची. हिरा म्हणाली, ताई, गडावर जाऊन येऊ, मग बोलू. चढताना माझ्या वीस पायऱ्या पुढं, वरून टोमणे. "कोच दमल्या का?" मी मनात तिचं नाव लिहूनही टाकलं.

उतरताना दिसलं. दर पायरीला उजवा पाय आधी, मग डावा त्याच पायरीवर. परत उजवा. दुखऱ्या गुडघ्यावर भार येऊ नये म्हणून असं उतरतात. सपाट मैदानावर हे लपतं. पण जोरात धावून एकदम थांबायचं असेल तर हाच गुडघा लागतो.

गडाच्या दरवाज्यापाशी बसवलं तिला.
"कधीपासून?"
"दिवाळीपासनं."
"फिजिओला बोलली नाहीस?"
"त्यांनी पळ म्हनलं, म्या पळाले. उतर कोन म्हनलंच न्हाई."
मग माझ्या पायांकडं बघत म्हणाली, "तुमी बी डावा आधी टाकता, ताई. म्या ल्हानपनापासनं बघतेय. शेवटच्या दोन स्पर्धा तशाच खेळला न्हवं?"

खेळले. एकीत गोल केला. दुसरीत विसाव्या मिनिटाला स्ट्रेचरवर बाहेर. म्हणजे बसमधल्या त्या माणसाला कळलं होतं. हे मला सोळा वर्षांनी सुचावं.

म्हटलं, यादीत तुझं नाव अजून लिहिलेलं नाही.
"मंग चौकातलं?"
"ते दत्तानं लावलंय."
ती गवत उपटत बसली. "आईला म्या न्हाई सांगनार. तुमी सांगा."

७ डिसें., रवि.
उरलेला तांदूळ परत द्यायला घेऊन निघाले. चौकात नुसते बांबू. दत्ता चोराला शिव्या घालत उभा.

चोर वाडीत सापडला. हिरा शेळ्यांच्या गोठ्यावर चढून फ्लेक्स ताणून बांधत होती. माझा चेहरा अर्धा वळचणीखाली गेलेला.
"ऱ्हाऊ द्या हितंच," म्हणाली. "नाव आलं तर परत लावू. न्हाई तर शेरडांना सावली."

मावशीला सगळं सांगितलं. गुडघ्याचंही. समोर बसून.
"मला ठावं हाय. चुलीपुढनं उठताना भिताड धरती. तू खेळत हुतीस तवा तुज्या आयनं आडवलं का तुला?"
नाही अडवलं. अडवायला हवं होतं का, हे मला आजही सांगता येत नाही.

तांदळाची पिशवी तिनं उघडून बघितली. "खाल्लास न्हवं त्यातला? मंग ऱ्हाऊ दे."

निघताना हिरा गोठ्यावरून शिडीनं उतरत होती. मधेच थांबली, माझ्याकडं बघितलं, आणि डावा पाय आधी खाली टाकला, सगळा भार दुखऱ्या उजव्यावर. मग उजवा, पुढच्या पायरीवर. ओठ आवळलेले. खालपर्यंत तशीच आली. मी गाडीची किल्ली शोधत राहिले. ती हातातच होती.

८ डिसें., सोम. तुंगार्ली
११.४०. बावीस नावं टाइप केली. तेविसाव्या ओळीत दोन्ही नावं दोन-दोनदा लिहून पुसली. नव्या मुलीचे दोन्ही गुडघे चांगले आहेत. तिच्यात दुसरी काही खोट शोधत होते. सापडली नाही.

११.५१. उठून जिन्यापाशी गेले. हिरासारखाच चांगला पाय, म्हणजे माझा उजवा, आधी टाकून एकेक पायरी उतरायचं ठरवलं. सोळा वर्षांत तशी उतरले नव्हते. चौथ्या पायरीला डोळ्यांत पाणी आलं, कठडा धरला नाही. खालपर्यंत गेले.

११.५६. वर येऊन बसलेय. तेविसावी ओळ अजून रिकामी आहे. हिरा काल शिडीच्या नऊ पायऱ्या उतरली. मी मोजल्या होत्या.