बर्फाच्या कारखान्याला दहा मजल्यांचा पंप

लोधिवली, रविवार

आदरणीय तालिबमामूंना मकसूदचा अस्सलामु अलैकुम. मामींचा गुडघा आणि तुमचा खोकला जागच्या जागी असतील अशी आशा (म्हणजे वाढले नसतील). तुमची भाचेसून फराह खुशाल आहे. मी खुशाल नाही. अक्षर सांभाळून घ्या.

आपल्या बर्फाच्या कारखान्यात कंडेन्सरच्या तापणाऱ्या नळ्यांवर पाणी सोडणारा पंप जळाला. तुम्ही जन्म जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढलेला, फोनवर म्हणालात, "पाणी किती लागतं आणि किती उंच चढवायचं, एवढंच बघ." मला ते फारच साधं वाटलं. कर्जतच्या दुकानदाराने तेच विचारलं, तेव्हा मी ऐटीत म्हणालो, "जाईल तितकं उंच!" त्याने दहा मजली इमारतीला पाणी चढवणारा पंप बांधून दिला. आपला कंडेन्सर, मामू, आपल्या माळ्याएवढाही उंच नाही. (पंप मात्र देखणा. मी त्याच्याशेजारी उभा राहून फोटो काढला.)

शुक्रवारी कारखान्यातल्या दत्ताने बटण दाबलं. नळ्यांवरून पाणी निवांत ओघळावं, एवढंच काम. पण पहिल्याच धक्क्याला वरचा पाइप सांध्यातून निखळला आणि त्याचं तोंड कुंपणाकडे फिरलं. दत्ता ओरडला, "शेट, पानी खाली येत नाय, पल्याड चाललंय!"

पल्याड म्हणजे शेजारच्या द्वारकाकाकूंचं अंगण. आणि अंगणात त्यांच्या लेकीचा, सानवीचा साखरपुडा! पहिल्या फवाऱ्यात गुरुजी गेले (म्हणजे ओसरीवर गेले), दुसऱ्यात व्याही बसल्या जागी न्हाले, पेढे परातीत विरघळले. मी नुसता पुतळा! हात स्विचकडे जाईना. खालची टाकी तळाला लागली, कंडेन्सर तापला, भोंगा बोंबलायला लागला, तरी मी आ वासून उभा. शेवटी कुंपणावरून कोण चढून यावं? सानवी! भरजरी साडी खोचलेली, गळ्यात ओला हार. "मकसूदकाका, सरका," म्हणाली आणि मेन स्विच खाली ओढला.

मी माफी मागायला गेलो. काकू ओल्या अक्षता वेचत राहिल्या. शिव्या दिल्या असत्या तर झोप तरी लागली असती. मामू, पंप हा माझा प्रांत नाही हे कळलं.

तुमचा भाचा,
मकसूद

ता. क. पत्र पाकिटात घालतोय तोच नवऱ्या मुलाचे वडील गोपाळकृष्णराव दारात. मी बर्फाच्या खोलीत लपलो, दात वाजायला लागल्यावर बाहेर आलो. ते म्हणाले, "सून मिळावी तर अशी!" काकू मागे उभ्या होत्या, त्या हसल्या. नेरळकडे गोपाळकृष्णरावांचं रिसॉर्ट आहे. तिथल्या फवाऱ्यांखाली नाचायच्या रेनडान्सला असा पाऊस आजवर पडला नाही म्हणाले, आणि पंप टेंपोत घालून घेऊनही गेले. तेव्हा कंडेन्सरचा पंप निवडायला लगेच या.

ता. ता. क. त्यांच्या पोहण्याच्या तलावाचा पंपही मीच निवडावा असा त्यांचा आग्रह पडला. काकूंसमोर नाही म्हणवेना. तुम्ही येणार आहात हे त्यांना कळवलंय, माझे मदतनीस म्हणून. तिथे जास्त बोलू नका.