पाण्यापलीकडचा मुक्काम

२ नोव्हेंबर २०१४, रविवार

बेटावरच्या चारही केबिन आज रिकाम्या झाल्या. जाताना नागपूरच्या बाई म्हणाल्या — काका, रात्री तुम्ही थांबला नाहीत ते फार बरं केलंत, असा एकांत कुठं मिळत नाही.

मालक भूपेंद्रभैयाचा नियमच आहे तसा. गोंदियाचा माणूस, धंदा जाणतो. पाहुणा उतरला की गार टॉवेल, मग लिंबाचं सरबत. जेवण झालं की डोंगा घेऊन आपण या काठाला, आपापल्या घरी. 'मेहमान को अकेला छोड़ो, इसी का नाम छुट्टी है.'

पहिल्या हंगामात मी पाहुण्यांजवळ बसून राहायचो. पाहुण्याला एकटं कसं टाकायचं! एका साहेबांनी तक्रार केली. आता सवय झाली.

६ नोव्हेंबर, पौर्णिमा

उपोसथ. विहारात वंदना केली, पण मन लागलं नाही.

चिचगडकडून देवीदासभाऊंचा फोन होता. रविवारी आपल्या गावची मंडई, दिवाळीनंतरची जत्रा, तेव्हा ते आणि सुमनबाई मुक्कामाला येतात. सकाळी आमच्या मुलीला, रीनाला, पाहतील. तिथल्याच उपकेंद्रात रीना नर्स आहे, रोज एसटीनं जाते-येते. त्यांचा अतुल विजेच्या कामावर आहे. दोघांचं आधीच ठरलेलं आहे हे माझी बायको अल्का मला सांगते, आणि मला माहीत नाही असं मी दाखवतो. आता फक्त देवीदासभाऊंचा होकार हवा. अतुल बापाच्या शब्दाबाहेर जाणारा नाही.

७ नोव्हेंबर

भैयाला विचारलं. रविवारी बेट रिकामंच आहे, तुझे पाहुणे ठेव म्हणाला. भला माणूस!

रीनाला पटलं नाही. 'आपल्याच घरी उतरवा न बाबा.'

मी म्हटलं, सुमनबाईंनी पहाटे जायचं कुठं? आपला संडास अर्धाच बांधून पडलाय, वर छप्पर नाही, आत सरपण भरलेलं. तिकडं पांढऱ्या चादरी, काचेची खिडकी, गरम पाणी. मोठमोठे लोक तिथं राहायला येतात.

अल्का म्हणाली, बघा तुम्ही.

९ नोव्हेंबर

दुपार. तलावाकडच्या खिडकीची केबिन झाडून ठेवली. बुद्धमूर्ती घरून नेऊन मेजावर ठेवली. फुलं ठेवली. भातासोबत अल्का मासोळ्यांचा रस्सा करते आहे.

संध्याकाळच्या गाडीनं येतील. थेट डोंग्यात बसवायचं. घर सकाळी दाखवू, उजेडात जरा बरं दिसतं.

१० नोव्हेंबर

सगळं बिघडलं.

काल उतरल्याबरोबर मी त्यांच्यापुढे टॉवेलाचा ट्रे धरला. हाताची सवय! देवीदासभाऊंनी टॉवेल घेतला, उलटसुलट पाहिला आणि पाय कुठं धुवायचे विचारलं. मी नळ दाखवला. सुमनबाईंनी माझ्या हातात तांब्या आहे का ते पाहिलं, हे मला आज आठवतं आहे. जेवण झालं, मी भांडी उचलली, आराम करा म्हटलं आणि डोंगा घेऊन निघालो. पाहुण्यांना एकांत दिला, या समाधानात घरी येऊन झोपलो.

सकाळी गेलो तर दोघं घाटाजवळ पिशव्या घेऊन बसलेले. चेहऱ्यावरून झोप झालेली दिसेना. मंडईतल्या दंडारीचं नाच-गाणं त्यांना रात्रभर पाण्यावरून ऐकू येत होतं. यायचं तर डोंगा नाही.

काठाला उतरल्यावर देवीदासभाऊ हळूच म्हणाले, 'आमच्या बापाले लोक गावाबाहेर ठेवत होते, भाऊ. तुमी त पाण्याबाहेर ठेवलं. आपलेच असून.'

घरी चला म्हणून मी हात जोडले. ते थेट एसटीकडे गेले.

अल्का दारात तांब्या घेऊन उभी होती. किती वेळची, कोण जाणे.

११ नोव्हेंबर

फोन लावला. उचलला नाही.

१५ नोव्हेंबर

बेटावर पाहुणे. टॉवेल, सरबत. केबिनमधली मूर्ती परत आणली.

अतुलनं रीनाला सांगितलं — बाबा काहीच बोलत नाहीत, आणि ते बोलल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. रीना माझ्यावर रागावत नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

१६ नोव्हेंबर

विहारात एकटाच बसलो. खरं काय ते मनाशी म्हटलं. त्यांच्या सोयीसाठी मी त्यांना तिकडं नेलं नव्हतं. मला माझ्या घराची लाज वाटली. ज्या ओसरीत माझ्या आईनं येणाऱ्या प्रत्येकाचे पाय धुतले, ती ओसरी मी सोयऱ्यांपासून लपवली.

संध्याकाळी सरपण बाहेर काढलं. संडासाच्या भिंतीला वीट लावायला घेतली.

१९ नोव्हेंबर

छपराला पत्रा आणला. अल्का म्हणाली, आता कोणासाठी?

मी काम चालू ठेवलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

रीना आली नाही. अंधार पडला. अल्का दहा वेळा रस्त्यापर्यंत जाऊन आली. मग फोन वाजला — देवीदासभाऊंचा!

रीनाची शेवटची गाडी चुकली, म्हणून त्यांच्याकडं मुक्कामाला आहे. तिचं काम दुपारीच संपतं. गाडी कशी चुकली, ते मी विचारलं नाही.

'पोरगी आली, दारात पाय धुतले न् सुमनच्या चुलीपाशी जाऊन बसली,' ते म्हणाले. 'सुमन म्हने, बाई, आमच्या घरी संडास नाही. त पोरगी म्हने, आमच्याबी घरी नाही.'

मग मलाच विचारलं,

'काऊन सांगलं नाही हो तुमी?'

उद्या तिला न्यायला या म्हणाले. दोघंही. मुक्कामाला.