बावन्नचा ड्राइव्ह आणि व्याह्यांचा फेटा

३ नोव्हेंबर, सोमवार

रंगनाथराव पुन्हा तेच बोलले. नात सायलीच्या लग्नाआधी आमच्याकडे केळवण, त्याचं आमंत्रण द्यायला नामपूरला फोन केला होता. म्हणतात, "येईन व्याही, पण जेवणार नाही. मना फेटा अजून बाकी शे."

चोवीस वर्षं हेच. आमच्या मोहिनीच्या लग्नात व्याहीभेटीला मी त्यांना फेटा बांधला नाही, असं त्यांचं म्हणणं. मी बांधला. या हातांनी बांधला. तेव्हापासून माणूस आमच्याकडे येतो, चहा पितो, पण ताटावर बसत नाही. समजूत काढायची म्हणून दर वर्षी द्राक्षांची पेटी पाठवतो, ती मात्र खातात. लेकीचे सासरे, काय बोलणार.

आता भरल्या पंगतीत सायलीचे सख्खे आजोबा नुसता चहा घेऊन बसणार.

४ नोव्हेंबर

लग्नाची डिस्क आठवली! तिच्यात शेवटी व्याहीभेट आहे. ती दाखवली की विषय संपला.

कपाटात सापडली, हिच्या दागिन्यांच्या डब्याखाली. चमकत्या बाजूवर कडेने हळदीकुंकवाची बोटं. हिला विचारलं. "लक्ष्मीपूजनाला घरातली जपलेली वस्तू पुजायची नाही का?" म्हणजे दर दिवाळीला पुजते, आणि दुसऱ्या दिवशी घासणीने घासते. मी म्हटलं, अगं वत्सला, मागच्या बाजूला तरी लावायचं. "चमकते ती पुढची बाजू. देवीला काय पाठ दाखवू?"

सूनबाईच्या लॅपटॉपला डिस्क घालायला फटच नाही. आता येत नाही म्हणे.

६ नोव्हेंबर

मालेगाव स्टँडजवळ राजूचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. त्याने माळ्यावरून डिस्क वाचायचे तीन जुने ड्राइव्ह काढले. बावन्नचा, चोवीसचा, सोळाचा. आकडा म्हणजे वाचायचा वेग. मी म्हटलं, बावन्नचा लाव. मोठा आकडा तो हुशार, असा आपला माझा हिशोब.

लावला. गिरणी सुरू झाल्यासारखा आवाज, टेबलावरचा चहा हिंदकळला. हळद दिसली, वरात दिसली. मग मांडवाच्या दारात रंगनाथराव, हातात नारळ, डोकं उघडं — आणि चित्र थांबलं. थांबायचंच तर असं? हा तर त्यांचाच पुरावा.

राजू म्हणाला, "बाबा, डिस्क आतून बाहेर वाचतात. तुमची व्याहीभेट कडेला आहे, आणि तिथेच घासलंय."

"मग आणखी जोरात फिरव."

"जोरात फिरवून तर चुकतंय. खड्ड्यांच्या रस्त्याला गाडी हळू घालता ना?"

चोवीसचा लावला. तो थोडा पुढे गेला. माझा हात दिसला, हातात फेटा. सोळाचा त्याच्याही पुढे. एक वेढा बसला, फेटा व्याह्यांच्या एका कानापर्यंत आला आणि तिथे अडकला. अर्धा फेटा दाखवून काय करू? ते म्हणतील, अर्धाच बांधला.

"याहून हळू काही?"

"आठचा असेल तर वाचेल. पण ते केव्हाच भंगारात गेले, बाबा."

आयुष्यात पहिल्यांदा मी मंद वस्तू शोधत फिरतोय.

७ नोव्हेंबर

टूथपेस्ट लावून डिस्क पुसली. काही फरक नाही. हिने टूथपेस्ट लपवून ठेवली आहे.

९ नोव्हेंबर

सूनबाईने मला न विचारता नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं: "अण्णांना आठचा ड्राइव्ह हवाय. व्याहीभेटीतला फेटा शोधायचाय." सगळ्यांनी हसरी तोंडं पाठवली. मला तोंड दाखवायला जागा नाही.

संध्याकाळी मोहिनीचा फोन. त्यांच्या कांद्याच्या गाळ्यावर जुना कॉम्प्युटर पडलाय, आठचाच आहे. "मामंजी म्हणाले, खुशाल घेऊन जा."

खुशाल! एवढी खात्री? मीच चुकत असेन का? हर्षाली म्हणते, "अण्णा, समोरची पार्टी स्वतःच साक्षीदार पाठवतेय, घ्या ना." या सुनेचं सगळं चेष्टेत.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मोहिनी तो कॉम्प्युटरचा डबा गाडीत घालून घेऊन आली. कांद्याची फोलपटं अजून चिकटलेली. हर्षालीने जोडला, ड्राइव्हचं बटण दाबलं. ताट बाहेर आलं आणि त्यात आधीच एक डिस्क. वर आमच्या डिस्कवरच्याच फोटोवाल्याचं अक्षर. मोहिनीच्या लग्नाची.

मोहिनी जीभ चावून बसली. मग म्हणाली, "दर दिवाळीला एकटेच गाळ्यावर बघत बसतात. मला वाटायचं, कांद्याचे भाव बघतात."

लावली. त्यांच्या डिस्कवर एक ओरखडा नाही. मी फेटा बांधतोय, चांगला तुरा काढून. मग मिठी मारताना त्यांनी मला उचललं, पाय हवेत, आणि मी घाबरून त्यांच्याच फेट्याला धरलंय. सगळा मांडव हसतोय. सगळ्यांत जास्त रंगनाथराव.

म्हणजे त्यांना माहीत होतं. चोवीस वर्षं!

ही पदर तोंडाला लावून हसत होती. मी म्हटलं, केळवणाला सगळ्यांसमोर हीच लावतो. ही म्हणाली, "लावा. आणि मग द्राक्षं कोणाला पाठवाल?"

२३ नोव्हेंबर, रविवार

केळवण झालं. पंगत बसायच्या आधीच रंगनाथराव सगळ्यांदेखत, "फेटा सापडना का, व्याही?" आवाज मोठा, पण हातातला रुमाल नुसता पिळत होते. मी ते पाहिलं.

जीभ अगदी वळवळली. मग म्हटलं, "नाही हो. बावन्नचा झाला, सोळाचा झाला, तुमचा आठचाही झाला. वाचतच नाही."

रुमाल खिशात गेला. "जाऊ द्या," म्हणाले, "नातीकरता जेवस मी." आणि बसले की ताटावर! मांडे संपेपर्यंत उठले नाहीत. वर हिला म्हणतात, "विहीणबाई, इतके दिवस सांगितलं नाही, मांडे एवढे चांगले करता."

सगळे म्हणाले, मन मोठं आहे माणसाचं. मी पण म्हटलं.

२४ नोव्हेंबर

सकाळीच नामपूरहून फोन. "व्याही, डबा राहू द्या तुमच्याकडे. आतली डिस्क तेवढी द्राक्षांच्या पेटीत घालून पाठवा. दिवाळीला लागते."