तीन हाका

विघ्नेशदादा,

पाचूबंदरच्या धक्क्यावर सगळ्यांसमोर तू विचारलंस, "तोंड नव्हतं तुला?" त्यानंतर दोन महिने तू घरी आला नाहीस. उत्तर आज लिहिते.

बाबांचा हात दोराबरोबर जाळं ओढायच्या विंचमध्ये गेला तेव्हा मी धक्क्यावर होते आणि तू बोटीवर इंजिनापाशी, पाठमोरा. मी तीनदा ओरडले, "दादा, बंद कर." घशातून नुसती हवा आली. मग धावले, पण बोटीपर्यंत पोचायच्या आधीच दम संपला. तू वळलास तोवर बाबांची दोन बोटं गेली होती.

मी सहाव्या महिन्यात जन्मले, श्वासाची नळी कितीतरी दिवस घशात होती, हे तुला माहीत आहे. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी कॅमेरा घालून पाहिलं. त्या नळीमुळे एक स्वरतंतू तेव्हापासूनच हलत नाही. फुप्फुसंही पुरती वाढलेली नाहीत.

हे वाचलंस तर मी हाका मारत होते आणि तू पाठमोरा होतास, हेच तुझ्या मनाला आयुष्यभर लागेल. म्हणून पाठवत नाही.

काल डाव्या हाताने जेवताना बाबांनी विचारलं, "विघ्नेश बोलतो ना गं तुज्याशी?"

मी म्हटलं, "रोज फोन करतो."

तुझी,
ऋतिका