थंडीतला केशरी बगळा

४ डिसेंबर

सात वाजून गेले तरी दादांचा फोटो नाही! फोन बंद करून पुन्हा चालू केला. तरी नाही. मुलाला उठवलं, म्हटलं बघ रे, आमच्या पक्षी मंडळाचा ग्रुप बिघडलाय का. "बाबा, रविवार आहे," एवढं बोलून पांघरुणात शिरला. आठच्या सुमाराला फोटो आला. शेकाट्या. लांब गुलाबी पाय, आणि खाली पाण्यात दुसरा शेकाट्या, उलटा. जीव भांड्यात पडला.

सूनबाई म्हणाली, "बाबा, चहा गार झाला. फोनमधले बगळे काही उडून जात नाहीत." तिचं खरं आहे. पण ही गेल्यापासून सकाळी मला हाक मारणारं कोणी उरलं नाही. दादांचा फोटो आला की कोणी तरी हाक मारल्यासारखं वाटतं. असलं काही सुनेला सांगता येतं होय?

५ डिसेंबर

मी चांदवा पक्ष्याचा फोटो टाकला. हलला. हात कापतात आताशा. बँकवाले साहेब, आमच्या ग्रुपचे कारभारी, म्हणाले, "फिटर, यात पक्षी कुठला आणि चिखल कुठला ते बाण काढून दाखवा." सगळे हसले. डॉक्टरीणबाईंनी तेवढं "प्रयत्न छान" म्हटलं. दादांचा नुसता अंगठा. पूर्वी त्यांनी बँकवाल्यांची अशी सालटी सोलून काढली असती!

दादा पोस्टातून निवृत्त, मी पाणीपुरवठ्यातून. प्रत्यक्ष एकदाच भेटलो, मंडळ मोठ्या तळ्यावर जमलं होतं तेव्हा. माझा बूट चिखलात रुतला. दादांनी ओढून काढला आणि म्हणाले, "फिटर, पाइप टाकायला आलात की फोटो काढायला?" तेव्हापासून रोज सकाळी फोटो आणि मग अर्धा तास फोनवर टिंगल. उन्हाळ्यात त्यांचा घसा बसला. "बोलवत नाही, लिहूनच भांडू," असं लिहिलं त्यांनी. अजून बसलेलाच आहे. इतके महिने घसा बसतो का कुणाचा? मुलगा म्हणतो, म्हातारपणी काहीही होतं. हा धीर देण्याचा प्रकार झाला का!

८ डिसेंबर

काही तरी गडबड आहे.

आज दादांनी गायबगळा टाकला. खाली लिहिलंय, आज सकाळी. फोटो देखणा, त्याबद्दल वाद नाही. पण डोकं केशरी, मान केशरी, पाठीवर केशरी झुपका. अहो, तो रंग त्याला विणीच्या दिवसांत चढतो. आत्ता थंडीत तो धुतल्या कपड्यासारखा पांढरा असतो. हे मला कोणी शिकवलं? दादांनीच! मी सातवीत शाळा सोडली, मला कसला बगळ्याचा रंग ठाऊक.

म्हणजे फोटो जुना. आणि आमच्या मंडळाचा नियम एकच, बँकवाल्यांनी ठरवलेला — आजचा फोटो आजच. जुना माल चालायचा नाही. दादा स्वतः या नियमाचे कट्टर. माझी एक शिळी टिबुकली, आदल्या दिवशीच्या फोटोतली, त्यांनी परत घ्यायला लावली होती.

दिवसभर तो फोटो पुन्हा पुन्हा उघडून पाहिला. ग्रुपवर कोणाच्या लक्षात आलं नाही. सगळे "वा, वा".

९ डिसेंबर

न राहवून दादांना एकट्याला लिहिलं. "दादा, कालचा बगळा उन्हाळ्यातला वाटतो. रागावू नका."

तासाभराने उत्तर. "हो का? चुकलं माझं. माफ करा."

माफ करा! दादा! मला! त्या माणसाने जन्मात कुणाला माफ करा म्हटलं नसेल. मी चार वेळा वाचलं. चष्मा पुसून वाचलं. मग फोन लावला. वाजून वाजून बंद झाला.

१० डिसेंबर

पुन्हा लावला. नाही उचलला. माझंच काही चुकलं का? रागावले असतील. नाही तर आजारी असतील. रक्तदाब मोजला, वाढलाय. सूनबाई म्हणाली, "बाबा, आजारी कोण आहे नक्की? ते की तुम्ही?"

१३ डिसेंबर

आज व्हायचं ते झालं. दादांनी त्यांच्या तळ्याचा फोटो टाकला, पाणकावळे पंख वाळवत बसलेले. मागे पाणी काठोकाठ. आणि त्यांचं तळं यंदा अर्धं आटलंय, बँकवाले परवाच तिथे जाऊन आले. त्यांनी लगेच पकडलं. "दादा, हे पाणी कुठून आणलंत? जुने फोटो आजचे म्हणून खपवता? या वयात?" मग एकेक जण बोलू लागला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जाऊ द्या, होतं चुकून. कोणी ऐकेना. दादांकडून एक अक्षर नाही.

मग बँकवाल्यांनी विचारलं, "फिटर, तुम्ही त्यांचे खास. तुम्हाला ठाऊक होतं?"

मी घाबरलो. आपल्यालाही काढतील, मग सकाळी काय करायचं, हेच मनात आलं. मी लिहिलं, "मलाही संशय आला होता."

पाठवल्यावर पुसायला गेलो. तोवर सगळ्यांनी वाचलं होतं. पाच मिनिटांत दादांना ग्रुपमधून काढलं. मी खुर्चीतून उठलो नाही. सूनबाईने पाणी आणून दिलं. 

१४ डिसेंबर

सात वाजले. काही नाही. आता येणार तरी कुठून.

१६ डिसेंबर

उद्या जातो. पत्ता आहे, एकदा त्यांनी कॅमेऱ्याची पिशवी पोस्टाने पाठवली होती. मुलगा म्हणतो, एवढ्या लांब एकटे कशाला, रविवारी मी नेतो. रविवारपर्यंत माझं काय होईल ते याला काय कळणार! बँकवाल्यांना लिहिलं की चूक माझी, दादांना परत घ्या. ते म्हणाले, नियम म्हणजे नियम.

बस किती वाजता, परतीची मिळेल का, तिथे कुत्री असतील का... काहीच ठाऊक नाही. माफी कशी मागायची तेही ठाऊक नाही. ते दारातून हाकलतील. हाकलू देत. निदान ओरडतील तरी. आवाज कानावर पडेल.

१७ डिसेंबर

जाऊन आलो.

इस्त्रीच्या दुकानावर दोन खोल्या. अरुंद जिना. दार वहिनींनी उघडलं. ठेंगण्या, जाड भिंगाचा चष्मा. मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "फिटर ना तुम्ही? चपला आत घ्या, खालचं कुत्रं पळवतं. बसमध्ये जागा मिळाली का? नाही तर उभ्याने आलात म्हणून आठवडाभर पायांची काळजी कराल."

मी म्हटलं, दादा कुठे आहेत? आतल्या खोलीकडे बघत राहिलो. तिथे पलंग होता, गादी गुंडाळलेली. कपाटावर कॅमेरा, वर रुमाल.

"भावजी, बसा आधी," म्हणाल्या. "ऑगस्टमध्येच गेले ते. घसा बसला नव्हता. गाठ होती."

मी ऐकलं आणि मूर्खासारखा म्हणालो, "पण मला रोज फोटो येतोय."

"मीच टाकत होते. त्यांनी शिकवून ठेवलं होतं. मला पक्ष्यांमधलं काही कळत नाही हो. जो दिसायला छान, तो टाकायचा. तो केशरी मला फार आवडला. तोच नेमका चुकला का?"

"नाही," मी म्हटलं. "चांगला होता."

मी माफी मागायला लागलो. त्यांनी हातानेच थांबवलं. "वाचलं मी. तुमचा फोन वाजायचा तेव्हा समोरच बसलेली असायचे. उचलून काय बोलणार होते?" मग चहा-बिस्किटं पुढे केली. मी एक घेतलं. चहात बुडवलं आणि तसंच धरून राहिलो. हातातच भिजून गेलं.

परतीची बस मिळाली. घरी सगळे वाट बघत होते. मुलगा चिडला.

१८ डिसेंबर

काल एक गोष्ट लिहवली नाही. निघताना जिन्यात मी विचारलं होतं, वहिनी, पण का? एवढे महिने कशासाठी?

म्हणाल्या, "शेवटच्या आठवड्यात त्यांनी पाटीवर लिहून दाखवलं. फिटरची बायको गेलीय. त्यात मीही गेलो म्हणून एकदम कळलं तर तो घाबरट हाय खाईल. त्याला जरा सावरू दे. तोवर रोज एक टाकत जा." मग कठड्याला धरून त्यांनी विचारलं, "सावरलात ना आता भावजी? की टाकत राहू?"

मी म्हटलं, सावरलो.

दादा असते तर लगेच पकडलं असतं.