साहेबांना चव लागते

३ फेब्रुवारी, सोमवार

कुत्र्याचं खाणं माझ्या खाण्यापेक्षा महाग आहे! आज दुकानात हे कळलं आणि मी तिथेच मोठ्याने हसले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काही मदत करू का, मॅडम?" म्हटलं, "कर. अर्धं बिल तू भर." ती नुसती बघत राहिली. विनोद कळायला डोकं लागतं.

पोरगी जाताना दोन पोती भरून ठेवून गेली होती. चार महिने पुरली. आज तळ दिसला. आणि नेमकं याच महिन्यात कॅन्टीनच्या कंत्राटदाराने संध्याकाळचं जेवण बंद केलं, म्हणजे माझी अर्धी पाळी गेली आणि अर्धा पगारही. बावीस वर्षं दोनशे माणसांना रांधून घालतेय मी. घाम पुसत म्हणतो कसा, "परिस्थिती समजून घ्या ताई." याच्या बोटात अंगठ्या तीन, आणि परिस्थिती मी समजून घ्यायची.

पोरगी वापरायची ते पोतं आता परवडणं शक्य नाही. दुसरं काहीतरी शोधायला हवं.

४ फेब्रुवारी

दुसरं दुकान. मालक चष्मेवाला, खुर्चीतून उठायचेही कष्ट नकोत. एक पाकीट पुढे सरकवून म्हणाला, "हे घ्या. प्रीमियम आहे."

"काय आहे यात?"

"प्रीमियम आहे."

धन्य! पाकीट उलटं करून वाचलं. समोर मांसाची तंगडी, गाजर, हिरवेगार मटार, लोळणारा हसरा कुत्रा. मागे मुंगीएवढ्या अक्षरात मका. मग गहू. मग तांदळाचा कोंडा. मग "प्राणिजन्य उपपदार्थ". मला शिकवतात! कुणी विचारलं तर सांगायचं नसतं, त्याला उपपदार्थ म्हणतात.

सुटा मालही होता, उघड्या पोत्यात, अर्ध्या किमतीत. वास घेतला. खवट तेल. माझ्या कॅन्टीनमध्ये असला माल आला असता तर आणणाऱ्यालाच खायला लावला असता.

पाच पाकिटं वाचली. पाचही चोर. हात हलवत घरी आले.

५ फेब्रुवारी

जिन्यात पोस्टमास्तर भेटले. खालच्या मजल्यावर एकटेच असतात, निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी शर्टाच्या खिशाला दोन पेनं. आयुष्यभर लोकांच्या पत्रांवर शिक्के मारले, आता मला कुत्र्याच्या खाण्यावर प्रवचन. "बाई, यादीत पहिलं नाव मांसाचं हवं. आणि 'संपूर्ण आहार' असं छापलेलं हवं. नुसतं 'पूरक' असेल तर तो खाऊ. आणि एकदम बदलू नका हं, जुन्यात थोडं थोडं मिसळत न्या. आठवडाभर."

यांचा कुत्रा मरून पंधरा वर्षं झाली. पण विद्या उतू चाललीय.

साहेब मात्र यांना पाहिलं की शेपटीचा पंखा करतो. कारण रोज दोन बिस्किटं मिळतात. लाचखाऊ मेला.

(साहेब म्हणजे कुत्रा. पोरीने ठेवलेलं नाव परदेशी आहे, माझी जीभ वळत नाही. दिवसभर लोळायचं, खाणं समोर हवं, काम शून्य. म्हणून साहेब.)

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सापडलं. बाजाराच्या मागच्या गल्लीत, धान्याच्या दुकानात. साधं खाकी पोतं, वर कुणी हसत नाहीये. पहिलं नाव कोंबडीचं. "संपूर्ण आहार" छापलंय. तारीख ताजी. पोरीच्या पोत्याच्या निम्म्याहून कमी किंमत.

मास्तरांचं बोलणं तंतोतंत खरं निघालं याचा फार राग आला.

८ फेब्रुवारी

साहेबांनी वास घेतला. माझ्याकडे पाहिलं. वाटीकडे पाठ करून बसले.

जुन्यात मिसळा म्हणे! जुनं उरलंय कुठे?

आमच्या कॅन्टीनमध्ये नियम आहे — चव घेतल्याशिवाय कुणाच्या पानात काही जायचं नाही. नियम माझाच आहे. म्हणून मीच एक दाणा तोंडात टाकला. भिजलेला पुठ्ठा बरा! मीठ नाही, वास नाही, काही नाही. असलं बनवणाऱ्याला स्वयंपाकघरात उभं करू नये. आणि तरी कुत्रा उपाशी राहतो याचं लोकांना नवल.

९ फेब्रुवारी, रविवार

पोरीचा फोन आला. रविवारी अकराला येतो, घड्याळ लावावं इतक्या नेमाने. प्रश्नही ठरलेले. खाल्लं का त्याने? फिरवलं का? केस विंचरले का? खोटंच सांगितलं, खातोय म्हणून.

"बरं. ठेवते." दीड मिनिट.

तू कशी आहेस, नाही. गुडघा कसा आहे, नाही. चार महिन्यांपूर्वी तिच्या मैत्रिणींसमोर मी तिच्या नोकरीला हसले होते. फोनवर अनोळखी लोकांच्या शिव्या खायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा, असं म्हणाले होते. खोटं काय होतं त्यात? त्याच रात्री बॅग भरली. जाताना म्हणाली, "तुझ्या लेखी जगात शहाणी माणसं किती ग? एकच ना?" आता कुठेतरी तिघींत एक खोली घेऊन राहते. कुत्रा चालत नाही तिथे, म्हणून तो इथे.

उगाच स्वतःला फसवण्यात अर्थ नाही. साहेब नसता तर हा फोन वाजलाच नसता. त्याने खाल्लं पाहिजे. बस.

१० फेब्रुवारी

खाल्लं!! वाटी चाटून पुसून!

काय केलं ते इथेच लिहिते, दुसरीकडे बोलणार नाही. कॅन्टीनमध्ये आम्ही कांदा लालभडक तळून डबे भरून ठेवतो, कुठल्याही रश्श्याला तोच आधार. त्यातला थोडा डब्यात घेऊन आले. दोन मोठे चमचे, वर गरम पाणी, त्यात ते पुठ्ठ्याचे दाणे. घरभर वास सुटला. साहेब उठून उभे! मागच्या पायांवर!

कंपन्यांत म्हणे शास्त्रज्ञ बसवलेत. एका कांद्याची अक्कल नाही एकालाही.

१३ फेब्रुवारी

मास्तरांनी जिन्यात गाठलं. "खायला लागला वाटतं! काय जादू केलीत?"

"हाताचा गुण," म्हटलं.

स्वयंपाकी माणूस मसाला सांगत नसतो. ज्याने सांगितला त्याची नोकरी गेली. मास्तर हसले, खिशातून दोन बिस्किटं काढली. बसा म्हणावं बिस्किटं वाटत.

१६ फेब्रुवारी, रविवार

"खातोय का ग?"

"वाटीसुद्धा खाईल आता."

आणि ती हसली. चार महिन्यांत पहिल्यांदा. अगदी लहानपणी हसायची तशी, नाकातून. मग म्हणाली, "फोटो पाठव ना." मला फोटो नीट काढता येत नाहीत, साहेबाचं नुसतं ढुंगण आलं. तेच पाठवलं. परत हसल्याची चित्रं आली, पाच.

आजपासून तीन चमचे. दोन्ही वेळा.

१९ फेब्रुवारी

साहेब जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबले. दमले म्हणे! आठ किलोचा जीव, दोन वेळा फुकट जेवतो, आणि दम लागतो. मी याच जिन्याने गॅसचा सिलिंडर चढवलाय. उचलून न्यावं लागलं. पालखीच काढायची बाकी आहे.

२१ फेब्रुवारी

खाल्लं नाही. एक चमचा वाढवून पाहिला. तरी नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार



सकाळी साहेबाची लघवी चहासारखी काळपट. ओठ उचलून पाहिला तर हिरड्या पांढऱ्या, कागदासारख्या. मी जिन्यात ओरडले. मास्तर बनियनवरच धावत वर आले. साहेबाला स्वतःच्या शालीत गुंडाळलं, गाडीत मांडीवर घेऊन बसले, वाटभर त्याच्या कानात काहीतरी पुटपुटत होते. मी पैसे मोजत होते.

डॉक्टरीण पोरसवदा आहे. मनात म्हटलं, हिला काय कळणार. तिने रक्त काढलं, काचेखाली पाहिलं, आणि आली ती थेट विचारत — "कांदा, लसूण असं काही पोटात गेलंय का? कुत्र्यांना विष असतं ते. कच्चं, शिजवलेलं, कसंही. रक्तच मोडतं त्यांचं."

विष.

मला त्या क्षणी कळलं. नंतर नाही, त्याच क्षणी. माझ्या पिशवीत तो डबा होता, कामावर जाताना परत भरून आणायला घेतलेला.

आणि मी म्हणाले, "छे! मी फक्त पोत्यातलं घालते. हे खालचे मास्तरच काहीबाही भरवत असतात त्याला."

इतकं सहज आलं तोंडातून! शेजारी उभे होते ते. बनियनवर. शालीला साहेबाची ओकारी लागलेली.

डॉक्टरीण त्यांच्याकडे वळली. "आजोबा, काय देता तुम्ही?" ते म्हणाले, "बिस्किटं. रोज दोन." ती बोलली मग. चांगलं खडसावून बोलली — प्रेम म्हणजे वाटेल ते खायला घालणं नव्हे, माणसांचे पदार्थ देऊ नका म्हणून किती वेळा सांगायचं लोकांना. मास्तर मान खाली घालून ऐकत राहिले. मी ऐकत राहिले.

साहेब सलाईनवर आहे. डबा वाटेत कचऱ्यात टाकला, झाकणासकट.

२३ फेब्रुवारी, रविवार

अकराला फोन. सांगितलं, दवाखान्यात आहे, खालच्या म्हाताऱ्याने बिस्किटं घातली. पोरगी रडली. मग किंचाळलीच, "त्या माणसाला त्याच्या जवळसुद्धा येऊ देऊ नकोस!" आणि मग, हळूच — "आई, तू रात्रभर झोपली नसशील. जेवलीस का?"

चार महिने ज्याची वाट पाहिली ते वाक्य. ताट तसंच झाकून ठेवलं.

२५ फेब्रुवारी

रक्त थोडं वाढलंय. जीव वाचेल म्हणते डॉक्टरीण. पोर हुशार आहे. तसं तिला म्हणाले नाही.

२८ फेब्रुवारी

दाराशी पोतं. पोरगी वापरायची तेच, महागातलं. चिठ्ठी नाही, बेल नाही. मास्तरांनी पेन्शनीतून घेतलं असणार. आता जिन्यात पावलं वाजली की खालचं दार लागतं. माझी नव्हे, त्यांना स्वतःचीच लाज वाटते.

२ मार्च, रविवार

साहेब घरी आला. फोनवर पोरगी वीस मिनिटं बोलली. वीस! गुडघ्याचं विचारलं. खोलीतल्या पोरींचं सांगितलं, एक घोरते म्हणे. दोनदा सांगायला तोंड उघडलं. दोन्ही वेळा हवापाण्याचं बोलले.

भित्री! लोकांना नावं ठेवताना कशी जीभ चालते.

६ मार्च, गुरुवार

मास्तर आज वर आले. हातात बिस्किटाचं रिकामं पाकीट आणि भिंग. दारातच उभे. "बाई, चारदा वाचलं. यात कांदा दिसत नाही हो मला. कंपनीला पत्रही टाकलंय. पण तुम्ही म्हणता, डॉक्टर म्हणतात, म्हणजे असणार. डोळ्यांनी आता कमी दिसतं. तुम्ही एकदा वाचून बघाल? नाही म्हणजे... माझा कुत्राही असाच गेला होता. तोही हीच बिस्किटं खायचा."

पंधरा वर्षांमागचा मेलेला कुत्राही हा माणूस आता स्वतःच्या माथी घेऊन बसलाय!

मी सांगितलं. सगळं. तळलेला कांदा, दोन चमचे, मग तीन, मग चार. आणि दवाखान्यात मला माहीत होतं, हेही.

मला वाटलं थोबाडीत देतील. दिली असती तर बरं झालं असतं. ते पायरीवर बसले, चष्मा काढला, धोतराच्या टोकाने पुसत राहिले. "म्हणजे मी नव्हतो," म्हणाले. तीनदा म्हणाले. मग साहेब हळूहळू चालत गेला आणि त्यांचा हात हुंगायला लागला. खिसा रिकामा होता.

उठताना म्हणाले, "मुलीला सांगितलंत?"

"नाही."

"मला शिव्या देत असेल ती."

"हो."

एक एक पायरी उतरत गेले. मला हलकट म्हणायला शब्द पुष्कळ आहेत, त्यांनी एकही वापरला नाही. मी असते तर सगळे वापरले असते.

८ मार्च

उद्या अकरा.

९ मार्च, रविवार

सांगितलं. पोरगी म्हणाली, "शनिवारी येते." मी म्हटलं, जेवायलाच ये, काय करू? म्हणाली, "काही करू नकोस. कुत्रा चालेल अशी खोली बघितलीय. उरलेलं पोतं तेवढं बांधून ठेव."