नॉर्मल आहे म्हणालीस, वैशू

वैशू,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, मग खोडलं. सख्ख्या बहिणीच्या तोंडावर खोटं बोलून जी मरून गेली, तिला प्रिय म्हणायला मी काही संत नाही.

लिहितेय ते उद्यासाठी. उद्या आपल्या वॉर्डात परिचारिका दिन आहे. तुझा फोटो मोठा करून फ्रेम केलाय आणि खाली 'आदर्श परिचारिका' असं छापून घेतलंय. भाषण मी करायचं, कारण मी तुझी थोरली बहीण आणि याच वॉर्डातली नर्स. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "चांगलं चांगलं बोला, मंगलताई. लोकायले रडू आलं पाह्यजे." हो म्हणून आले खरी, पण आता कागद घेऊन बसले तर नुसत्या शिव्या सुचताहेत.

कामाला तू चांगली होतीस, त्यात वाद नाही. गरोदर बाई जिना चढून धापा टाकत आली की बाकीच्या लगेच तिच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधायच्या. तू आधी तिला बसवायचीस. पाठ टेकवून, पाय जमिनीला लावून. सोबतची सासू बडबडत असेल तर तिला गप्प करायचीस. "थांबा मावशी, इचा जीव जरा निवू द्या." मग कुठे पट्टा बांधायचीस.

आणि साखर वाढलेल्या बायकांचे डबे! ते तर तू उघडून पाहिल्याशिवाय सोडायची नाहीस. बाळापूरकडच्या त्या म्हातारीनं सुनेसाठी भाजीखाली शिरा दडवून आणला होता, आठवतं? "पोटातल्याले गोड लागते वं," म्हणाली. तू डबा बंद करून तिच्याच हातात दिलास. "पोटातल्याले शिरा नाही पाह्यजे, मावशी. माय पाह्यजे." सगळा वॉर्ड हसला, म्हातारीसुद्धा हसली.

तुझ्या पोटातलीला काय पाहिजे होतं गं?

तुला दिवस गेले तेव्हा तू कुणाला हात लावू दिला नाहीस. आपल्या नर्सांची ही खोड जुनीच आहे. ड्यूटीवर यायचं, स्वतःच्या दंडाला स्वतःच पट्टा गुंडाळायचा आणि नॉर्मल म्हणून मोकळं व्हायचं. तू रोजच नॉर्मल होतीस. पाय सुजले तर उभं राहून सुजले, डोकं दुखलं तर उन्हानं, छातीखाली दुखलं तर अ‍ॅसिडिटी, मग थंड दूध. हेच एखाद्या पेशंटनं सांगितलं असतं तर तू तिला खाटेवरून उठू दिलं नसतंस. कोणत्या तोंडानं त्या बायकांना रागवत होतीस?

का लपवलंस ते तू गेल्यावर नितीननं सांगितलं. तू त्याला म्हणाली होतीस, "ज्या खाटेवरच्या चादरी म्या बदलल्या, त्या खाटेवर म्या पडू? बाया काय म्हणतीन?" बिचारा तुझा नवरा, कापडाच्या गिरणीतला माणूस. बायको नर्स आहे, तिला कळतं, असं समजून गप्प बसला. एवढा तोरा कशाचा होता तुला? पेशंट होण्याची एवढी लाज वाटत होती, तर आपण आयुष्यभर ज्यांची सेवा केली त्या बायकांना तू समजत तरी काय होतीस?

मग परतवाड्याला आईकडे तुझं डोहाळजेवण. हिरवा चुडा भरायला बसलीस आणि बांगडी पंजावरून वर चढेना. साबण लावला, तरी चढेना. बायका हसायला लागल्या, "माहेरचं तूप लागलं पोरीले." तूही हसलीस आणि मोठ्या मापाच्या मागवल्यास. मला हसू आलं नाही. तुझी बोटं मी पाहिली, चेहरा पाहिला आणि सगळ्यांसमोर म्हटलं, ऊठ, आत चल, बीपी पाहू.

"काहून मागं लागली वं ताई? सकाळीच पाह्यलं मी. नॉर्मल आहे."

लोक मला विचारतात, तू नर्स, मग तुझ्या कसं लक्षात आलं नाही? आलं होतं. विचारलंही होतं. तू खोटं बोललीस. हा दोष मी माझ्या डोक्यावर घेणार नाही. तुझा आहे, तूच ने.

पंगत उठायच्या आत बीपी वाढून तुला झटके आले. अमरावतीच्या दवाखान्यात सलाईन लावायचं होतं, पण त्या बांगड्या सुजलेल्या हातातून निघेनात. फोडाव्या लागल्या. आई दाराशी उभी राहून म्हणत होती, "चुडा नका फोडू वं, सवाशीण आहे माही लेक." ओवीला पोटातून काढलं, ती रडली. तू काही डोळे उघडले नाहीस.

ओवी आता आईकडे आहे. बांगड्यांचा आवाज आला की तिकडे रांगत जाते. आई तिला तुझंच नाव ठेवायला निघाली होती, ते मी ठेवू दिलं नाही. तुझं नाव एकदा वाया गेलं तेवढं पुरे.

हे सगळं मी माझ्यापाशीच ठेवलं असतं. उद्या माइकवर गोड बोलून, रडून खाली उतरलेही असते. पण आज ड्यूटीवर कोमल भेटली. तुझी लाडकी कोमल, जिला तू पट्टा बांधायला शिकवलंस. तिला आठवा महिना लागलाय. बायकांना तू बसवायचीस तशीच पाठ टेकवून बसवते, डबेही उघडते, बोलतेसुद्धा तुझ्यासारखी. आज तिची चप्पल पायात जात नव्हती. मी म्हटलं, बस, बीपी पाहू.

"सकाळीच पाह्यलं मी, मंगलताई. नॉर्मल आहे."

आणि हसून, चपला हातात घेऊन गेली. तुझ्याकडून सगळं शिकली पोरगी. हेही.

तेव्हा ऐक. उद्या मी ते भाषण करणार नाही. तू कशी गेलीस ते सांगणार आहे, इन्चार्ज सिस्टर डोळे वटारोत की आई माझ्याशी बोलायची थांबो. मग कोमलला पुढे बोलावून तुझ्या फोटोखालच्या खुर्चीत बसवणार आहे आणि सगळ्यांसमोर तिच्या दंडाला पट्टा मी बांधणार आहे. तिची काय लाज जायची ती जाऊ दे.

हार मी विकत आणून ठेवलाय. तिनं हात पुढे केला तर तो तुझ्या फोटोला घालीन. नाही केला तर हार तसाच पिशवीत राहील आणि फोटो मी स्वतः भिंतीवरून उतरवीन. वचन देते.

अजून तुझ्यावर रागावलेली,
ताई